आमच्या चर्चमध्ये आता वीस-पंचवीस वयस्कर माणसंच येतात. त्यांचे फोटो काढून ठेवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

असं काम मी केलंय, पण चर्चमध्ये नाही. अलिबागकडच्या एका सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनास्थळात. गावात त्याला 'मशीद'च म्हणतात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू (शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'), १९४८ च्या सुमारास २०,००० च्या घरात होते. मग इस्रायलला जाणं सुरू झालं आणि किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी आडनावं घेऊन घरंच्या घरं तिकडे गेली. २०११ च्या जनगणनेत देशभरातले सगळे ज्यू मिळून ५,००० सुद्धा भरले नाहीत.

माझी पहिली अडचण म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा आठवड्याचा पवित्र विश्रांतीचा दिवस. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. म्हणजे माणसं जमणार तेव्हाच नेमकी बंदी! मी वैतागून मधल्या वारी जायचो आणि रिकाम्या बाकांचे फोटो काढत बसायचो. तिथली एक उंच, कोरीव, रिकामी खुर्ची तर मला फारच आवडली. तिरपं ऊन, गादीवर धूळ, सगळं जुळून आलेलं. मोठी प्रिंट काढून तिथल्या काकांना नेऊन दिली, तर ते हसायलाच लागले. "अरे, ही एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची खुर्ची. सुंतेच्या वेळी त्यांच्यासाठी ठेवतात. माझ्या लहानपणी इथे पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हाही हिच्यावर कुणी बसत नव्हतं."

तेव्हापासून रिकाम्या बाकांवर माझा विश्वास नाही. (सुरकुतलेल्या हातांच्या क्लोजअपवरही नाही. सगळ्या म्हाताऱ्यांचे हात तसेच असतात.)

माणसं कमी झाल्याचं खरं कळतं ते तयारीत. सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिनयान म्हणतात. शुक्रवारी दुपारी काका जुनी डायरी उघडून फोनला बसायचे. अमका येतोय का, तमक्याचे गुडघे कसे आहेत, मुंबईहून कुणी निघालंय का. डायरीत निम्मी नावं खोडलेली. मोजणी सातावर अडली की काका चष्मा काढून पुसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. सूर्य मावळायला वेळ असायचा, त्यामुळे कॅमेरा चालायचा. माझे बरे म्हणावे असे फोटो त्या दुपारचे आहेत. दुसरे मलिद्याचे, म्हणजे आमच्या काकांकडच्या आभाराच्या विधीचे: ताटात गोड पोहे, खोबरं, फळं, भोवती मुंबईहून आलेले नातेवाईक आणि कुणी काय विसरलं यावरून चाललेला वाद.

तुमच्याकडे घंटा कोण वाजवतं? पेटीवाले आजारी पडले तर गाणं कोण उचलतं? जिना चढवत नाही अशा आजींना रिक्षातून कोण आणतं? पहिले दोन-तीन रविवार कॅमेरा घरीच ठेवा आणि एवढंच बघा. पाळकसाहेबांना मात्र आधी भेटा. बाप्तिस्म्याची आणि दफनाची नोंदवही शेजारी-शेजारी, न उघडता, नुसत्या जाडीसाठी टिपता आली तर टिपा.

आणि प्रिंट द्या, पोस्टकार्डाएवढ्या. मी दिलेल्या प्रिंटच्या मागे काकूंनी पेन्सिलने नावं लिहिली, दोन्ही बाजूंचे फोटो इस्रायलमधल्या अश्दोदला नातवाला पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला: आज्जी, दोन नावं चुकलीत.