ओंटारिओत कामावर दुखापत झाली तर: चाकणहून आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर

तुम्ही चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहात, पत्नी आणि मुलासह कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, ब्रॅम्पटनला येण्याच्या तयारीत आहात आणि पहिली नोकरी एखाद्या वेअरहाऊसमध्येच मिळेल हे तुम्ही मनाशी धरले आहे. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज म्हणून विचारले आहे, की तिकडे कामावर दुखापत झाल्यास भरपाई चांगली मिळते असे ऐकले, ते खरे आहे का, आणि नोकरी टिकते का. व्हिसा, घरभाडे आणि शाळाप्रवेश यांची माहिती तुम्हाला सरकारी पानांवर मिळेल, म्हणून मी एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर लिहितो आहे. खरे तर हा प्रश्न वाचल्यापासून दुसरे काही सुचलेले नाही.

भरपाई मिळते, हे खरे आहे. ओंटारिओत ही व्यवस्था डब्ल्यूएसआयबी (वर्कप्लेस सेफ्टी अँड इन्शुरन्स बोर्ड) हे मंडळ चालवते. तिचा पाया न्यायमूर्ती विल्यम मेरेडिथ यांच्या १९१३ च्या अहवालात आहे: कामगाराने मालकाला कोर्टात खेचण्याचा हक्क सोडायचा आणि त्याच्या बदल्यात, चूक कोणाची हे न पाहता, मालकांच्या वर्गणीतून त्याला भरपाई मिळायची. १९१५ पासून हे सुरू आहे. दुखापत झाली त्या दिवसाचा पूर्ण पगार मालक देतो. त्यानंतर, कर वगैरे वजा जाता हातात येणाऱ्या कमाईत जी तूट येते तिच्या ८५ टक्के रक्कम मिळते. तुमच्या कारखान्यातल्या ज्या कामगारांना ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू आहे, त्यांना तात्पुरत्या अपंगत्वासाठी वेतनाच्या ९० टक्के मिळतात, हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणजे इकडे दुखापत होऊन कोणी श्रीमंत होत नाही; तरीही तसे समजणारे लोक भरपूर आहेत, आणि तुमच्या अडचणीला सुरुवात तिथूनच होते.

कागदपत्रे तीन आहेत. फॉर्म ८ डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट भरतात. फॉर्म ६ तुम्ही भरायचा, त्यासाठी सहा महिन्यांची मुदत असते. आणि फॉर्म ७ मालकाने, माहिती मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत पाठवायचा असतो. फॉर्म ७ मध्ये मालकाला या दाव्याबद्दल शंका असल्यास ती लेखी जोडण्याची सोय आहे, हे मला स्वतःला इकडे कामावर दुखापत झाली त्या वेळी कोणी सांगितले नव्हते. पॅलेट ओढताना माझ्या कमरेत उसण भरली ती शुक्रवारच्या रात्रपाळीत. सुपरवायझर आधीच निघून गेला होता, म्हणून मी पाळीच्या प्रमुखाला तोंडी सांगितले. त्याला नंतर ते आठवले नाही. सोमवारी उभे राहता येईना, तेव्हा दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरने घाईघाईत ‘काही काळापासून पाठदुखी’ एवढेच लिहिले आणि कामाचा उल्लेखच केला नाही. तो एक शब्दप्रयोग दुरुस्त करून घेण्यासाठी मी ज्या खेपा घातल्या त्यांचा राग अजून गेलेला नाही. मालकाने तेवढ्यावरून निष्कर्ष काढला, की दुखापत शनिवार-रविवारी घरी सामान हलवताना झाली असावी आणि सोमवारी ती कंपनीच्या माथी मारली गेली. म्हणून सांगतो: दुखले की त्याच पाळीत फोनवरून लेखी निरोप पाठवा, डॉक्टर काय लिहीत आहे ते तिथेच वाचून घ्या आणि फॉर्म ७ ची प्रत मागा, ती कामगाराला देणे कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. दुखणे अंगावर काढण्याची आपल्याकडची रीत इकडे सहनशीलता म्हणून नव्हे, तर विलंब म्हणून नोंदली जाते.

संशयाबद्दल मी जरा विस्ताराने लिहितो, कारण माहितीपत्रकांत तो नसतो. खोटे दावे होतात, हे मी नाकारत नाही. भरपाई घेत असताना दुसरीकडे रोखीने काम करणारी माणसे असतात, आणि जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा परिस्थितीतला महत्त्वाचा बदल दहा दिवसांच्या आत न कळवणे हा कायद्याने गुन्हा आहे. भरपाई चालू असताना भारतात जायचे ठरले, तर तेही आधी कळवावे लागते. परंतु दुसऱ्या बाजूची फसवणूकही असते: अपघात कळवूच नये, आजारपणाची रजा घ्यावी, घरी पडलो असे सांगावे, यासाठी कामगारावर दबाव आणणे. तोही गुन्हाच आहे, आणि माझ्या पाहण्यात तो अधिक वेळा आला. मात्र त्याची कुजबुज कँटीनमध्ये कधी होत नाही.

माझ्या मालकाने खाजगी तपासनीस नेमला होता, हे मला नंतर कागदपत्रांवरून समजले. त्याच्या अहवालात मी मुलीचे दप्तर शाळेच्या फाटकापासून गाडीपर्यंत उजव्या हाताने नेल्याची नोंद होती, छायाचित्रासह. मला तेव्हा दहा किलोपर्यंत वजन उचलण्याची वैद्यकीय मुभा होती. घरी मी ते दप्तर काट्यावर ठेवून पाहिले. ते त्याच्या निम्मेही भरले नाही. त्या अहवालाने माझे पैसे थांबले नाहीत. पण संशय फिटल्याचे पत्र कोणी पाठवत नाही, आणि शाळेच्या फाटकाशी उभा असताना मुलीच्या हातातून दप्तर घ्यायला मी अजूनही कचरतो. ती आता मोठी झाली आहे, स्वतःचे ओझे स्वतः नेते. तिला कारण ठाऊक नाही.

कामावर परतणे हा वेगळा अध्याय आहे. सुरक्षितपणे आणि लवकर परतण्यासाठी मालक आणि कामगार दोघांनीही सहकार्य करावे असा नियम आहे, आणि दाव्यांचा खर्च वाढला की मालकाची वर्गणीही वाढू शकते, त्यामुळे हलके काम, म्हणजे इकडच्या भाषेत मॉडिफाइड ड्यूटी, फार लवकर समोर ठेवली जाते. ते काम तुमच्या क्षमतेच्या मर्यादेत बसत असेल तर नाकारू नका. नाकारल्यास भरपाईवर परिणाम होतो. मला एका टेबलाशी लेबले तपासायला बसवले होते. शरीराला ते सोसवत होते. सोसवले नाही ते आपल्याच एका माणसाचे बोलणे: ‘तुझं बरं आहे, खुर्चीत बसून डॉलर!’ परभाषकांच्या नजरा मी पचवल्या, हे वाक्य मात्र पचले नाही. एकटेपणाविषयी तुम्ही विचारलेले नाही आणि मीही लिहीत नाही. पाळ्या आणि मुले सांभाळताना त्याला वेळ मिळत नाही. सांगलीला आईवडिलांना मी ‘पाय घसरला’ एवढेच कळवले, कारण दुखण्यापेक्षा संशय समजावून सांगणे अवघड होते.

आता नोकरी टिकते का, याचे उत्तर. तुमच्यासारख्या नव्याने येणाऱ्यांना ते सहसा पूर्ण सांगितले जात नाही. मालकाकडे वीस किंवा त्याहून अधिक कामगार असतील आणि दुखापतीपूर्वी तुम्ही त्याच्याकडे सलग किमान एक वर्ष काम केलेले असेल, तरच तुम्हाला पुन्हा कामावर घेण्याचे कायदेशीर बंधन त्याच्यावर येते, आणि तेही जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. परत घेतल्यावर सहा महिन्यांत काढून टाकले, तर बंधन पाळले नाही असे गृहीत धरले जाते. माझे वर्ष भरलेले होते, म्हणून मी टिकलो. माझ्या शेजारच्या रांगेत काम करणाऱ्या मुलाचे भरलेले नव्हते; त्याला भरपाई मिळाली, नोकरी मिळाली नाही. तुम्ही कामगार पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत कामाला लागलात, तर कायद्याने तुमचा मालक एजन्सी असते, वेअरहाऊस नव्हे. त्यामुळे अपघात दोघांनाही लेखी कळवा.

मंडळाचा निर्णय विरोधात गेला तर आक्षेपाची मुदत साधारणपणे सहा महिने असते, पण कामावर परतण्यासंबंधीच्या निर्णयासाठी ती फक्त तीस दिवस आहे. युनियन नसलेल्या कामगारांना ऑफिस ऑफ द वर्कर ॲडव्हायझर हे सरकारी कार्यालय विनामूल्य मदत करते; कोणा दलालाला पैसे देण्याआधी तिथे फोन करा.

शेवटची गोष्ट नोकरी स्वीकारण्यापूर्वीची आहे. प्रत्येक मालकाला या व्यवस्थेत नाव नोंदवणे सक्तीचे नाही. बँका, विमा कंपन्या आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्या तिच्या बाहेर राहू शकतात, तेव्हा पुढे तुम्ही क्षेत्र बदलले तर हे विचारून घ्या. वेअरहाऊसच्या नोकरीसाठी कोणी तुम्हाला पगारपत्रकाऐवजी स्वतःच्या नावाने बिल द्यायला सांगितले, तर त्याचा हेतू तुम्हाला कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार ठरवण्याचा असतो, आणि मग दुखापतीच्या दिवशी आपण मुळात कामगार होतो हे सिद्ध करण्यापासून तुम्हाला सुरुवात करावी लागते. तासाला दोन डॉलर अधिक देत असले तरी ती नोकरी घेऊ नका.