पावतीवरची दमदाटी

प्रश्न : नवा मिक्सर दुसऱ्याच दिवशी बंद पडला. दुकानदार पावतीवरच्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीवर बोट ठेवतो. काय करावे?

उत्तर : ती ओळ छापली म्हणून कायदा होत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर परतीची मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. मात्र ‘रंग आवडला नाही’ हा दोष नव्हे! पावतीचा फोटो आजच काढा, थर्मल (उष्णतेने छापायच्या) कागदावरची अक्षरे काही काळाने पुसट होतात. बिघाडाचा व्हिडिओ घ्या, मिक्सर स्वतः उघडू नका, मागणी लेखी द्या. दाद नाही मिळाली तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मग जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. आयोगाकडे तक्रारीची मुदत दोन वर्षे.

प्रश्न : चौकात फलक आहे, ‘मोफत मोतीबिंदू शिबिर’. जावे का?

उत्तर : डोळे ठणठणीत असतील तर धोका पत्करू नका. आयोजकांना ‘तपासणी’ हा शब्द तेवढा घालायला सांगा.