जुनी नाटकं, नवा हंगाम: वाचकांचे प्रश्न

आमची संस्था येत्या हंगामात 'संगीत मानापमान', 'कट्यार काळजात घुसली' आणि 'घाशीराम कोतवाल' ही तीन नाटकं पुन्हा रंगमंचावर आणते आहे. परवानगी कुणाकुणाची घ्यावी लागेल? — एक वाचक, सांगली

तिन्ही नाटकांचं उत्तर वेगवेगळं आहे. आपल्या कायद्यात लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून पुढे ६० वर्षं राहतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे 'मानापमान'ची संहिता २००८ अखेर मोकळी झाली. पण संगीत नाटकात संहिता आणि चाली या दोन स्वतंत्र गोष्टी असतात आणि घोटाळा इथेच होतो. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या. ते १९५५ साली गेले, त्यामुळे चाली २०१५ अखेरपर्यंत हक्कात होत्या. आज दोन्ही मोकळ्या आहेत.

'कट्यार'चे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर १९९९ साली गेले आणि संगीतकार पं. जितेंद्र अभिषेकी १९९८ साली. म्हणजे शब्दांचा हक्क २०५९पर्यंत आणि चालींचा २०५८पर्यंत आहे. दोन्ही वारसांची लेखी परवानगी घ्या. 'घाशीराम'चंही तसंच: विजय तेंडुलकर २००८ साली गेले, संगीतकार भास्कर चंदावरकर २००९ साली. संगीत नवं करून घेणार असाल तर चंदावरकरांच्या चालींचा प्रश्न उरत नाही. मात्र या नाटकाची गती मूळ संगीतानं बांधलेली आहे, ते बदलणं म्हणजे निम्मं नाटक नव्यानं बसवणं. आमचं मत विचाराल तर परवानगी मिळवायला दोन महिने जास्त लागले तरी चालतील, मूळ संगीतच ठेवा.

परवानगीच्या पत्रात प्रयोगांची संख्या, मुदत, गावं, मानधन प्रति प्रयोग की एकरकमी, संपादनाची मुभा आणि चित्रीकरण करता येईल की नाही, हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. यातलं चित्रीकरण नेहमी विसरलं जातं आणि मग प्रयोगाची चित्रफीत कुणीतरी पसरवली की वाद सुरू होतात.

हौशी संस्थेनं विनामूल्य प्रेक्षकांसमोर प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे. पण पन्नास रुपयांचं तिकीट लावलंत तरी ती जाते, 'देणगी प्रवेशिका' म्हटल्यानं काही फरक पडत नाही. याशिवाय नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतंच. ते संहितेला मिळालेलं असतं. म्हणून नवे संवाद घालणार असाल तर संपादित संहिता मंडळाकडे वेळेत पाठवा, रंगीत तालमीच्या आठवड्यात नव्हे.

'मानापमान' तीन तासांत बसवायचंय. पन्नासच्या आसपास पदं आहेत. कात्री कुठे लावायची? — एक वाचक, रत्नागिरी

आधी गणित मांडा. मध्यंतराची पंधरा मिनिटं वजा जाता हातात १६५ मिनिटं उरतात. पन्नासांतली अठराच पदं ठेवली आणि एका पदाला सरासरी चार मिनिटं धरली तर ७२ मिनिटं लागतात. गद्याला राहिली ९३ मिनिटं. रंगमंचावर विराम आणि हालचाली धरून मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात, म्हणजे गद्य ९,३०० शब्दांच्या आत हवं. संपादित संहिता टाइप करून शब्द मोजा. अंदाजानं कापलेली संहिता पहिल्या सलग तालमीत हमखास पाऊण तास जास्त भरते, आणि मग घाईघाईत चुकीचं कापलं जातं.

पदं निवडताना लोकप्रियता हा एकच निकष ठेवू नका. ज्या पदात पात्राचं मन पालटतं, ते पद राहिलंच पाहिजे. नायिका भामिनीचं 'शूरा मी वंदिले' काढलंत तर ज्या सैनिकाला तिनं हिणवलं त्याच्यापुढे ती मनानं कधी नमली, हे प्रेक्षकाला कळतच नाही. उलट संवादात येऊन गेलेला भाव पुन्हा आळवणारी पदं आधी गाळावीत. काही पदांचं फक्त ध्रुपद (पुन्हा पुन्हा येणारी ओळ) आणि एक कडवं ठेवता येतं, पण असं करताना कडव्यातून पुढच्या संवादाला मिळणारा दुवा तुटत नाही ना, हे बघा.

आणि तानांना आवर घाला. सलग तालीम लांबते ती बहुतेक वेळा तानांमुळे. प्रत्येक पदाची मिनिटं ऑर्गनवादकाच्या वहीत लिहून ठेवा, त्याला खुणेनं गायकाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आणता येतं. 'मानापमान' १९११ साली आलं तेव्हा रात्र रात्र नाटक चालायचं आणि प्रेक्षक त्याच तयारीनं यायचा. आजचा प्रेक्षकही तानेला मनापासून दाद देतो, पण त्याला नायक धैर्यधराचं पुढे काय झालं हेही कळायला हवं असतं.

धैर्यधराच्या पदांच्या मूळ चालींबरोबर मास्टर दीनानाथांच्या वेगळ्या चालीही रूढ आहेत. कोणती घ्यायची ते पहिल्या तालमीआधी ठरवा. गायकानं एक ऐकून पाठ केलेली असते, ऑर्गनवादकाच्या बोटांत दुसरी, आणि त्यात पंधरा दिवस फुकट जातात.

आमची भामिनी काळी चारमध्ये गाते, धैर्यधर काळी एकमध्ये. दर पदाला तबला जुळवत बसावं लागतं आणि नाटक थांबतं. शिवाय ऑर्गन जुना आहे, त्याचे काही सूर अडकतात. — एक वाचक, फोंडा

तबल्याचा प्रश्न अर्धा तरी जागच्या जागी सुटेल. काळी चारला, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या चौथ्या काळ्या पट्टीला, षड्ज (सा) धरला तर काळी एक हा भामिनीचा शुद्ध मध्यम (म) होतो. म्हणजे धैर्यधरासाठी षड्जात लावलेला तबला तिच्या भीमपलास, बागेश्री, काफी अशा शुद्ध मध्यम असलेल्या रागांना तसाच चालतो. मात्र भूप किंवा देसकारात मध्यम नाही आणि यमनात तो तीव्र आहे. तिथे काळी एकचा तबला सतत खटकत राहील. त्या पदांसाठी तिच्या पंचमाचा, म्हणजे काळी दोनचा, दुसरा तबला लावून शेजारी ठेवा. एकच तबला पूर्ण स्वर वर चढवायचा आणि उतरवायचा हा उद्योग प्रयोगात करू नका. तबल्याची चामड्याची वादी ताणली जाते आणि चढवलेला सूर पदाच्या मध्यावर उतरतो. पदांच्या यादीत प्रत्येक पदापुढे 'तबला १' किंवा 'तबला २' असं लिहा. दोन्ही तबले तासभर आधी नाट्यगृहाच्या हवेत राहू द्या. दमट हवेत पुडी (तबल्याचं वरचं कातडं) उतरते, वातानुकूलनाच्या कोरड्या हवेत चढते.

दोघांच्या संवादी पदात पट्टी एकच ठेवावी लागते. पांढरी चार किंवा काळी तीन असा मध्य काढतात. तिथे धैर्यधराला तार सप्तकात फार चढू देऊ नका आणि भामिनीला मंद्रात उतरवू नका. चालीचा आवाका बघून आधी गाऊन पाहा.

आता ऑर्गन. जुने आयात ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराशी जुळतातच असं नाही. त्याच्या आतल्या पितळी स्वरपट्ट्या घासून सूर बदलायच्या फंदात पडू नका. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, आणि जास्त घासलं गेलं तर स्वरपट्टी कायमची जाते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबला ऑर्गनला जुळवा, उलट नको. बोट उचलल्यावरही सूर वाजत राहिला तर झडपेखाली कचरा असतो किंवा पावसाळी हवेनं लाकूड फुगलेलं असतं. सूर वाजतच नसेल तर बहुधा त्या स्वरपट्टीत धूळ अडकलेली असते. ती स्वरपट्टी आकड्यानं बाहेर ओढून मऊ ब्रशनं साफ करा. तोंडानं फुंकू नका, वाफेनं पितळ खराब होतं. भात्याची परीक्षा सोपी आहे: दोन-चारदा पाय मारून थांबा, बोटांनी एकही कळ दाबू नका. भात्याचा ताण लगेच गेला तर कुठेतरी गळती आहे आणि तो कारागिराकडे न्यायला हवा. हे सगळं प्रयोगाच्या निदान तीन आठवडे आधी करा.

तीन दिवस, तीन नाटकं, एकच नाट्यगृह. क्रम कसा लावावा? आणि प्रयोग किती करावेत? — एक वाचक, नाशिक

पहिल्या दिवशी 'कट्यार', दुसऱ्या दिवशी 'घाशीराम', तिसऱ्या दिवशी 'मानापमान'. 'कट्यार'चं नेपथ्य सर्वांत जड असतं, म्हणून ते आदल्या दिवशी चढवा. 'घाशीराम'ला जवळपास मोकळा रंगमंच लागतो. त्यामुळे पहिल्या रात्री फक्त उतरवण्याचं काम राहतं आणि कामगारांना झोप मिळते. मुख्य फायदा आवाजाचा: 'कट्यार'मध्ये खाँसाहेब किंवा सदाशिव करणारा नटच 'मानापमान'मध्ये धैर्यधर असेल तर मध्ये एक पूर्ण दिवस गळ्याला विश्रांती मिळते.

'घाशीराम'मध्ये ब्राह्मणांची ओळ हाच पडदा असतो: पाठ फिरवली की भिंत, वळले की पात्रं. खांद्याला खांदा लावून एका माणसाला साधारण ६० सेंटिमीटर लागतात. बारा जण धरले तर जवळपास सव्वासात मीटर झाले. रंगमंचाच्या तोंडाचं माप घेऊन मगच संख्या ठरवा. ओळीत फट राहिली की मागचा माणूस दिसतो आणि सगळा परिणाम जातो. तालमीच्या जमिनीवर चिकटपट्टीनं तेवढीच रुंदी आखून रोज त्यावरच उभं करा.

मूळ दिवे तिन्ही नाटकांना सामायिक ठेवा, प्रत्येक नाटकासाठी फक्त सहा-आठ दिवे वेगळे रोखा. 'मानापमान'चे रंगवलेले पडदे दिव्यांपासून दूर टांगा, रंगवलेलं सुती कापड चटकन पेट घेतं.

प्रयोगांच्या संख्येबाबत अभिनेते-निर्माते सुनील बर्वे यांच्या 'हर्बेरियम' या उपक्रमाचा दाखला घ्यावा. २०१०पासून 'सूर्याची पिल्ले', 'हमीदाबाईची कोठी' अशी जुनी नाटकं आणली आणि प्रत्येकाचे २५च प्रयोग केले. आकडा आधी जाहीर केला की नटांच्या तारखा सलग मिळतात, प्रेक्षक 'पुढच्या वेळी बघू' म्हणून थांबत नाही आणि वारसांशी करारही सोपा होतो. हौशी संस्थेला सुरुवातीला प्रत्येकी आठ-दहा प्रयोग पुष्कळ झाले.

वन्समोअर द्यावा का? — एक वाचक, ठाणे

द्यावा, पण प्रयोगात जास्तीत जास्त दोन, आणि तेही ध्रुपद व शेवटचं कडवं एवढंच. कोणती पदं त्यासाठी मोकळी ठेवायची ते आधी ठरवून प्रकाशयोजनाकाराला सांगा. नाहीतर गायक पुन्हा आलाप सुरू करतो आणि दिवा पुढच्या प्रवेशावर गेलेला असतो.