दुबईला मुलाकडे महिनाभर जाताना रोमिंगचं बिल कसं टाळायचं?

सांगली सोडण्याआधीच आई-बाबांच्या फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’, म्हणजे परदेशात भारतीय सिमवरून चालणारं इंटरनेट, बंद करा. नाहीतर विमान उतरताच फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट गुपचूप डेटा खातात, खरं बिल तिथंच फुगतं.

भारतातलं सिम मात्र काढू नका, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा इथूनच सुरू करून घ्या. एसएमएस येण्याचे सहसा पैसे पडत नाहीत, पण आलेला कॉल उचलला की मिनिटावर आकार लागतो. तो उचलू नका म्हणून बजावून ठेवा.

दुसऱ्या खाचेत तिथलं सिम घालून डेटा त्यावर लावा. ‘ऑटो डेटा स्विचिंग’ही बंद हवं, कारण रेंज गेली की फोन परत भारतीय सिमवर उडी मारू शकतो. दुबईत व्हॉट्सॲप कॉल सहसा लागत नाही. त्याऐवजी बोटिम हे कॉल करायचं ॲप घरच्या वायफायवर आई-बाबांच्या आणि इथल्या घरच्यांच्या, दोन्हीकडच्या फोनमध्ये घालून ठेवा.