वाचकांचे प्रश्न: पंचेचाळीस यार्डांवरचं हरीण

प्रश्न: ताई, मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. तीन वर्षं कंपाउंड (टोकांना कप्प्या असलेल्या) धनुष्यानं सराव केला, यंदा पहिल्यांदाच पांढऱ्या शेपटीच्या हरणाचा परवाना काढतोय. दोरी ओढायला जोर ६० पौंड, बाणाचं वजन ३५० ग्रेन, वेग सेकंदाला २७५ फूट. ४५ यार्डांवर माझे पाचही बाण बशीएवढ्या जागेत बसतात. तेवढ्या लांबून हरणावर बाण सोडायला हरकत आहे का? आणि बाण बदलावा का?

उत्तर: लांबून सोडायला हरकत आहे. सरावाच्या निशाणीला कान नसतात, हरणाला असतात.

आवाज सेकंदाला साधारण ११२५ फूट जातो. ४५ यार्डांवरच्या हरणाला दोरी सुटल्याचा आवाज ०.१२ सेकंदात ऐकू येतो आणि तुमचा बाण पोचतो जवळजवळ अर्ध्या सेकंदानं. तेवढ्यात दचकलेलं हरीण उडी मारण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं. फुप्फुसांवर धरलेला नेम मग पाठीत लागतो, नाहीतर वरून जातो. २० यार्डांवर हरणाच्या हाती जेमतेम ०.१७ सेकंद उरतो.

हे मला एका मादीनं शिकवलं. ऑक्टोबरची संध्याकाळ, अंतर ३८ यार्ड. मान वर, दोन्ही कान माझ्याकडे. माझा माझ्या सरावावर भरवसा होता, मी बाण सोडला. ती दबली आणि बाण पाठीच्या कण्यावरच्या मांसात घुसला. तीनशे पावलांपर्यंत रक्ताचे थेंब मिळाले, पुढे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी शोधत होते. ती सापडली नाही. तेव्हापासून माझी हद्द २५ यार्ड, आणि सावध होऊन मान वर केलेल्या हरणावर मी २० यार्डांवरूनही बाण सोडत नाही. पहिल्या वर्षी तुम्हीही २० वरच थांबा.

आता बाण. तो बदला. वजन ४३०च्या आसपास न्या, वेग २५० पर्यंत उतरेल. ऊर्जा दोन्हीकडे जवळपास तेवढीच, ५९ फूट-पौंडांच्या घरात. पण संवेग जड बाणाचा सुमारे १२ टक्के जास्त, म्हणून बरगडीला लागल्यावरही तो आत जात राहतो. शिवाय धनुष्याचा आवाज कमी होतो. वेग गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका: २० यार्डांवर फरक पडतो सेकंदाच्या दोन शतांशांचा.

टोकाला १०० ऐवजी १२५ ग्रेनचं पातं लावलं की बाणाची काडी जास्त वाकते, तेव्हा ताठ काडी घ्या. स्पाइनचा, म्हणजे काडीच्या ताठपणाचा, आकडा जितका लहान तितकी काडी ताठ. ४०० वापरत असाल तर ३४० करून बघा, पण बाणाची लांबी धरून उत्पादकाचा तक्ता आधी तपासा. पातं मी स्थिर वापरते. उघडणारी पाती जखम रुंद करतात, पण उघडण्यात आणि कापण्यात बाणाची ताकद खातात. कुठलंही घ्या, धार मात्र हातावरचे केस उतरतील इतकी हवी. आणि सराव त्याच पात्यानं करा. साधं टोक जिथे लागतं तिथेच पातं लागेल याची खात्री नसते.

हरीण आडवं उभं असेल किंवा तुमच्यापासून थोडं तिरकं, तोंड पलीकडे करून असेल, तरच बाण सोडा. तुमच्या बाजूचा पुढचा पाय पुढे पडेपर्यंत थांबा, म्हणजे खांद्याचं हाड वाटेतून सरकतं. समोरून तोंड करून येत असेल तर धनुष्य उतरवा. मचाणावरून नेम धरताना कमरेतून वाका, हात खाली करू नका. उतार तीव्र असेल तर एकच फुप्फुस छेदलं जातं, आणि तसं हरीण फार लांब जातं.

बाण लागला की उतरायची घाई नको. पडलेला बाण बघा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस: अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे बहुधा यकृत: चार ते सहा तास. हिरवट घाण आणि वास असेल तर आतडी: किमान आठ तास तिकडे पाऊल टाकू नका. लवकर गेलात तर निजलेलं हरीण उठेल, आणि मग रक्ताचा मागही राहत नाही.