चार चॅनेलचा अ‍ॅम्प असताना अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह?

आपल्याकडे गाडीसाठी साडेसहा इंची कंपोनंट संच (बारीक आवाजाचे ट्वीटर आणि खालच्या आवाजाचे वूफर वेगवेगळे असलेला) आणि चार चॅनेलचा अ‍ॅम्प आहे, डिक्कीत सबवूफर बसवायचा आहे, आणि सीताबर्डीतील फिटिंगवाल्याने संचासोबतचे पॅसिव्ह क्रॉसओव्हर (अ‍ॅम्पनंतर आवाज ट्वीटर आणि वूफर यांत वाटणारे डबे) काढून डीएसपी (हीच विभागणी अ‍ॅम्पच्या आधी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह पद्धतीने, करणारा डिजिटल प्रोसेसर) लावण्यास सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते ते सध्या काढू नयेत.

अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर अ‍ॅम्पच्या आधीच सिग्नलची विभागणी करतो, त्यामुळे प्रत्येक स्पीकरला स्वतंत्र चॅनेल लागतो. दोन ट्वीटर आणि दोन वूफर यांतच आपले चारही चॅनेल संपतील आणि सबसाठी आणखी एक अ‍ॅम्प घ्यावा लागेल. पॅसिव्ह ठेवल्यास पुढचा संच दोन चॅनेलवर चालतो आणि उरलेले दोन ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सब जोडता येतो. मात्र ब्रिज केल्यावर अ‍ॅम्पला किमान किती ओहमचा भार चालतो, हे पुस्तिकेत आधी पाहून घ्यावे. ८० हर्ट्झच्या आसपासची विभागणी अ‍ॅम्पमधल्याच फिल्टरने करावी, कारण तेवढ्या खाली चार ओहमच्या सबसाठी साधी पॅसिव्ह कॉइलसुद्धा सुमारे ८ मिलिहेन्रीची, म्हणजे जड आणि महाग, लागते.

डीएसपीचा खरा लाभ वेळेच्या जुळणीत आहे. माझ्या गाडीत उजवा ट्वीटर माझ्या कानापासून ७० सेंटीमीटरवर आणि डावा ११५ वर आहे, म्हणजे डाव्याचा आवाज सुमारे १.३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि गायक काचेच्या उजव्या खांबाला चिकटून गात असल्यासारखे वाटते. तथापि, आपल्या हेड युनिटमध्ये (डॅशमधल्या स्टिरिओत) चॅनेलनिहाय विलंबाची सोय असेल, तर डाव्या-उजव्यातील हा फरक पॅसिव्ह ठेवूनही बराच भरून निघतो. ट्वीटर आणि वूफर यांना वेगवेगळा विलंब देणे तेवढे जमत नाही.

अ‍ॅक्टिव्हमधील धोकाही सांगणे मला आवश्यक वाटते. एका मे महिन्यात, दुपारच्या उकाड्यात घाईने जुळवणी करताना, ट्वीटरच्या हाय-पासला (ठरावीक हर्ट्झखालचा आवाज अडवणाऱ्या फिल्टरला) ३००० ऐवजी ३०० हर्ट्झ माझ्याकडून टाकले गेले आणि एक गाणे संपण्याआधीच ट्वीटर जळाला. तेव्हापासून मी चार ओहमच्या प्रत्येक ट्वीटरला ४७ मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर मालिकेत जोडतो. तो साधारण ८५० हर्ट्झच्या खालचा भाग उतरवत नेतो आणि अ‍ॅम्प सुरू होतानाचा ठोकाही बराचसा अडवतो.

पॅसिव्ह क्रॉसओव्हर त्याच संचासाठी आखलेला असतो, म्हणून त्यावर दुसरा ट्वीटर जोडू नये: चार ओहमला ४००० हर्ट्झवर कापणारा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आठ ओहमला २००० वर कापतो. क्रॉसओव्हरचे डबे दारात बसवू नयेत, कारण आपल्याकडच्या पावसात काचेच्या फटीतून पाणी दाराच्या पोकळीत उतरतेच. डॅशखाली कोरडी जागा मिळते. अनेक संचांच्या डब्यात झाकणाखाली ट्वीटरचा आवाज कमी करण्याची पिन असते. काचेजवळचा ट्वीटर टोचत असेल, तर ती प्रथम उणे ३ डेसिबलवर लावून आठवडाभर ऐकावे आणि मगच डीएसपीच्या खर्चाचा विचार करावा.