अठरा तासांची खरखर: 'कॉन्टॅक्ट' बघून वाचकांना पडलेले प्रश्न

गेल्या अंकात मी 'कॉन्टॅक्ट' या १९९७ च्या सिनेमावर लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की बघा आणि काय वाटलं ते कळवा, तर इतके मेसेज आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आणि शेवटही सांगणार आहे, कारण प्रश्न सगळे शेवटाचेच आहेत. एली अ‍ॅरोवे (जोडी फॉस्टर) ही रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, तिला अभिजित ताऱ्याकडून, म्हणजे वेगाकडून, मूळ संख्यांचे ठोके ऐकू येतात. त्या सिग्नलमध्ये एका यंत्राचे आराखडे निघतात, यंत्र बांधतात, एली त्यात बसते. ती म्हणते मी अठरा तास लांब जाऊन कोणालातरी भेटून आले, आणि बाहेर उभे असलेले सगळे म्हणतात की यान तर काही सेकंदात सरळ खाली जाळीत पडलं. पुरावा शून्य.

ताई, हॉस्टेलवर आम्ही सात-आठ जणांनी लॅपटॉपवर बघितला. अडीच तास बसलो आणि एलियन म्हणून काय दाखवलं तर तिचा बापच! एक जण तर चिडून उठूनच गेला, म्हणाला फसवलं राव. मला मात्र रडू आलं आणि ते कोणाला सांगता पण येईना. बरोबर कोण? (कोल्हापूर)

अरे रडू आलं तर आलं, त्यात लपवण्यासारखं काय आहे. सुरुवातीची दहा मिनिटं परत बघ. छोटी एली हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोक एकमेकांशी बोलायला वापरतात त्या रेडिओवर, पेन्साकोला गावातल्या कोणाशीतरी बोलते आणि मग त्या गावाच्या समुद्रकिनाऱ्याचं चित्र काढते. मग वडिलांना विचारते की आईशी बोलता येईल का, आई तर गेलेली असते, आणि ते म्हणतात की सगळ्यात मोठ्या रेडिओचा आवाजही तिथवर पोचणार नाही बहुतेक. मग वडील पण जातात, आणि ही नऊ वर्षांची पोर सांत्वनाला आलेल्या पाद्र्याला सांगते की औषध खालच्या बाथरूममध्ये ठेवायला पाहिजे होतं, म्हणजे मी लवकर आणू शकले असते. हे एकदा मनात बसलं ना, की शेवटी तोच चित्रातला किनारा आणि तेच वडील का दिसतात ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. समोरच्याने तिच्याच डोक्यातली, तिला सोसवेल अशी जागा आणि माणूस निवडलाय.

पण तुझ्या मित्राचा राग पण मला खोटा वाटत नाही, कारण दोन तास सिनेमा त्याला सांगत होता की पुरावा दाखव, पुरावा दाखव, आणि नेमक्या वेळी हात आखडता घेतला. माझी स्वतःची तक्रार मात्र बापाबद्दल नाहीच, ती त्यानंतरच्या एका सीनबद्दल आहे. चौकशी समितीसमोर एली कबूल करते की माझ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही, तुमच्या जागी मी असते तर मी पण शंकाच घेतली असती. जबरदस्त क्षण आहे तो. आणि मग बंद खोलीत दोन अधिकारी बोलतात की तिच्या कॅमेऱ्यात नुसती खरखर रेकॉर्ड झालीये, पण ती खरखर आहे अठरा तासांची! पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला एकदम हायसं वाटलं होतं, आता तोच सीन खटकतो, कारण एलीला जे मिळालं नाही ते प्रेक्षकाच्या हातात गुपचूप ठेवून दिलंय. तिच्यावर नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायची वेळ आपल्यावर येऊच दिली नाही. ज्यांच्या कादंबरीवर हा सिनेमा आहे ते कार्ल सेगन डिसेंबर १९९६ मध्ये गेले, सिनेमा जुलै १९९७ चा, त्यामुळे तयार झालेला सिनेमा त्यांना बघायला मिळालाच नाही याची मला दर वेळी हळहळ वाटते. त्यांच्या कादंबरीत यंत्रात एकटी एली नसते, पाच जण असतात. सिनेमात ती एकटी आहे म्हणून तो शेवट एवढा टोचतो.

सप्रेम नमस्कार. १९३८ साली मंगळावरून हल्ला झाल्याचे रेडिओ नाटक ऐकून लाखो अमेरिकन रस्त्यावर धावत सुटले असे मी तीस वर्षे वर्गात सांगत आलो. मग सिनेमातल्यासारखी खरी बातमी आली तर समाज शाबूत राहील असे आपणास वाटते का? (सातारा, निवृत्त शिक्षक)

सर, नमस्कार. ती गोष्ट आम्ही पण शाळेत ऐकलीये, पण ती बरीच फुगवलेली आहे. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रविवारी संध्याकाळी दिग्दर्शक ऑर्सन वेल्सचं ते नाटक रेडिओवर झालं, काही लोक घाबरले हे खरं, पोलिसांना आणि पेपरवाल्यांना फोन गेले हे पण खरं. पण त्याच रात्री रेडिओ कोण काय ऐकतंय याची फोनवरून पाहणी चालू होती आणि त्यात जेमतेम दोन टक्के लोक ते नाटक ऐकत होते. दुसऱ्या दिवशी देशभर घबराट असे मथळे छापले ते वर्तमानपत्रांनी, आणि तेव्हा रेडिओ त्यांच्या जाहिराती पळवत होता, हे विसरून चालणार नाही.

त्यापेक्षा मला इक्वेडोरमधला प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. फेब्रुवारी १९४९ मध्ये किटो शहरात तसंच नाटक रेडिओवर लावलं, तिथे लोक खरंच रस्त्यावर आले. मग निवेदकांनी सांगितलं की अहो हे नाटक आहे, घरी जा. आणि तेव्हा जमाव रेडिओ स्टेशनवर चालून गेला, इमारत पेटवली, माणसं मेली. बघा म्हणजे, मंगळवाले येताहेत म्हणून आग लागली नाही, आपल्याला उल्लू बनवलं हे कळल्यावर लागली. कोल्हापूरच्या हॉस्टेलवरचा मुलगा फसवलं म्हणून उठून गेला, त्याच्या रागाचा प्रकार हाच आहे, फक्त प्रमाण लहान. म्हणून मला वाटतं की बातमीने समाज मोडणार नाही सर, बातमी देणाऱ्यांनी लपवाछपवी केली तर मोडेल. १९९६ च्या ऑगस्टमध्ये मंगळावरून आलेल्या एका अशनीत जीवाच्या खुणा आहेत असं 'नासा'च्या शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, अध्यक्ष क्लिंटन स्वतः त्यावर बोलले, आणि लोकांनी काय केलं? चहा घेत पेपर वाचला. नंतर त्या खुणांवर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाले, बहुतेकांना त्या जीवाशिवायही बनू शकतात असं वाटतं, पण सांगायचा मुद्दा हा की तेव्हा कोणी दुकानं लुटली नाहीत.

क्लिंटनचं तेच भाषण सिनेमात एलीच्या सिग्नलबद्दल आहे असं भासवून वापरलंय. व्हाइट हाउसने त्यावर लेखी नाराजी कळवली होती, आणि 'सीएनएन'चे खरे खरे निवेदक पडद्यावर खोट्या बातम्या देताना दिसतात त्यावर पण टीका झाली. ही टीका मला रास्त वाटते.

मॅडम, सिनेमा ठीक आहे, पण खरं आयुष्य वेगळं असतं. सरकारांना सगळं माहितीये आणि ते दाबून ठेवलंय. २०२३ ला अमेरिकेच्या संसदेत शपथेवर साक्ष झाली ती काय उगाच? (पुणे)

उगाच नाही, साक्ष झाली. २६ जुलै २०२३ ला डेव्हिड ग्रश नावाच्या हवाई दलातल्या माजी अधिकाऱ्याने शपथेवर सांगितलं की अमेरिकेकडे माणसाने न बनवलेली यानं आहेत. पण त्याने ती स्वतः बघितलेली नव्हती, इतरांकडून कळलं असं तो म्हणाला, आणि लोकांसमोर ठेवता येईल असा पुरावा आजपर्यंत आलेला नाही. त्याच सप्टेंबरमध्ये 'नासा'च्या समितीचा आणि मार्च २०२४ मध्ये पेंटॅगॉनचा, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा, अहवाल आला, दोन्हीत परग्रहाशी संबंध दाखवणारं काही सापडलं नाही. तुम्ही म्हणाल ते सरकारीच लोक. बरोबर, म्हणून मी तुम्हाला बिनसरकारी गोष्ट सांगते, आणि ती सिनेमापेक्षा भारी आहे.

एलीचं पात्र ज्यांच्यावरून सुचलं असं मानतात त्या जिल टार्टर जून १९९७ मध्ये, म्हणजे सिनेमा लागायच्या दोन-तीन आठवडे आधी, अमेरिकेतल्या ग्रीन बँक इथल्या रेडिओ दुर्बिणीवर असाच शोध घेत होत्या आणि एक सिग्नल आला. नेहमीच्या चाचण्यांत तो बाद होईना, दुर्बीण ताऱ्यावरून बाजूला वळवली की गायब, परत रोखली की हजर. पडताळणीसाठी दुसरी दुर्बीण असायची ती नेमकी बंद पडलेली. सगळा दिवस तो चालला आणि शेवटी कळलं की तो 'सोहो' या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्याच यानाचा होता, पंधरा लाख किलोमीटरवरून येणारा. आता यात माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की त्या काही तासांत काळे सूट घातलेला एकही माणूस आला नाही, सरकारी गाडी आली नाही, पण 'न्यूयॉर्क टाइम्स'चा फोन मात्र आला! खात्री व्हायच्या आधीच बाहेर कुजबुज पोचली होती. असा सिग्नल आला तर काय करायचं याचे शास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच लिहून ठेवलेले संकेत आहेत, की आधी दुसऱ्यांकडून तपासून घ्या, मग सगळ्या जगाला सांगा, आणि जगाला विचारल्याशिवाय उत्तर पाठवू नका. दुसऱ्या देशातल्या दुर्बिणीला फोन करून इकडे बघ म्हटल्याशिवाय जी गोष्ट सिद्धच होत नाही, ती दाबणार कशी?

ताई, आमच्या भागातनं रोज त्या मोठ्या डिश दिसतात. सिनेमात पण तशाच ओळीने उभ्या आहेत. आपल्याकडं असं कधी काही ऐकू आलंय का? (नारायणगाव)

तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला. सिनेमात दिसतात त्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या रेडिओ दुर्बिणीच्या २७ डिश, प्रत्येकी २५ मीटरच्या. तुमच्या खोडदला आणि आसपास आहेत त्या ३० आणि प्रत्येक ४५ मीटरची, रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप सरांनी उभी केलेली. विज्ञान दिनाला मी आले होते तेव्हा एका डिशच्या खाली उभं राहून वर बघितलं तर तिच्यातून आभाळ दिसत होतं, ढग सरकताना दिसत होते, कारण पत्रा नाहीच, स्टीलच्या बारीक तारांची जाळी आहे, वारा आरपार जातो म्हणून वजन आणि खर्च दोन्ही वाचलं. आणि सिनेमात एली डोळे मिटून हेडफोन लावून गाडीवर पडलेली असते तसं प्रत्यक्षात कोणी करत नाही हो, सगळं कॉम्प्युटर करतात.

ऐकू आलंय का? एलियनचं नाही. पण १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं आणि त्याचा अगदी क्षीण सिग्नल पृथ्वीवर कोण ऐकत होतं, तर तुमच्या खोडदच्या डिश! पॅराशूट उघडेपर्यंत सिग्नल होता, आणि उतरायच्या जरा आधी तो थांबला, यान आदळलं होतं. मंगळावरचं यान गप्प झालं ते जुन्नर तालुक्यात कळलं, ही गोष्ट मला कुठल्याही सिनेमाएवढीच रोमांचक वाटते. त्यामुळे तिथे गेलात की मोबाइल बंद ठेवा म्हणतात ते मनावर घ्या, असल्या सिग्नलपुढे तुमचा फोन म्हणजे कानाशी वाजणारा डीजे.

ताई, इथे आमच्या अमेरिकन शेजाऱ्यांबरोबर बघितला. ते एलीच्या देव न मानण्यावरच तासभर भांडले. सासूबाई आल्यात भारतातून, त्या एवढंच म्हणाल्या, 'असतील की, आपले महाराज अनंतकोटी ब्रह्मांडनायक आहेत, एकाच ब्रह्मांडाचे थोडेच.' मला काही सुचेना! (न्यू जर्सी)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. सिनेमात देव मानत नाही म्हणून एलीची पहिली संधी जाते आणि एक धर्मवेडा माणूस पहिलं यंत्रच उडवून देतो, त्यामुळे तिकडे ते भांडण होणारच, तिथल्या घराघरातलं आहे ते. आपल्याकडे आरतीनंतरच्या जयजयकारातच कोट्यवधी ब्रह्मांडं येऊन जातात, त्यामुळे परग्रहावर कोणी असलं तर श्रद्धेला धक्का बसेल हा प्रश्न सासूबाईंना पडत नाही. एलीच्या जागी त्यांना बसवलं असतं तर समितीला काय उत्तर दिलं असतं, हे त्यांना जरूर विचारा.

दहा वर्षांच्या मुलीला दाखवू का? (नांदेड)

दाखवा, सोबत बसा. स्फोटाचा एक सीन दचकवतो. सुरुवातीला पृथ्वीपासून लांब लांब जाताना रेडिओवरचे आवाज जुने जुने होत जातात आणि मग सगळं शांत होतं, तेव्हा मात्र मध्ये बोलू नका.

आमची आजी सांगते की ती तरुण असताना इथे जवळच हॉलिवूडवाले एलियनच्या सिनेमाचं शूटिंग करून गेले. घरात सगळे हसतात. खरं असेल का? (खोपोली)

हसू नका, आजी बरोबर सांगताहेत! स्टीवन स्पीलबर्गचा १९७७ चा 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड', त्यातला भारतातला सीन खालापूरजवळच्या हाळ गावात घेतलाय, सिनेमात ते धरमशाळा म्हणून दाखवलंय. प्रचंड गर्दी बसलीये, सगळे मिळून पाच सुरांची एक ओळ परत परत गाताहेत, आणि शास्त्रज्ञ झालेला फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफो तिथे उभा आहे. विचारतात, हा आवाज कुठून आला? आणि एका क्षणात शेकडो हात वर जातात, सगळी बोटं आभाळाकडे. त्याच सिनेमात अमेरिकेचं सैन्य विषारी वायूची खोटी बातमी पसरवून डोंगराभोवतीची गावं रिकामी करतं, लोकांना खरं सांगत नाही. आणि आमचे हाळचे लोक मात्र विचारल्याबरोबर सांगून मोकळे, की वरून आला.

तो सीन आजींना मोठ्या टीव्हीवर दाखवा आणि गर्दीत कोणी ओळखीचं दिसतंय का विचारा. तेव्हा त्यांच्या गावातलं कोण कोण गेलं होतं, ते सूर कोणी शिकवले, बोट वर करायला किती वेळा लावलं, जे आठवेल ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवतेय.